इंजानाची ओटी

रेल्वेचं इंजान आमच्याकडं आलं ते दर्यातून आलं. हसू नका. उरणाच्या बाजूनं रूळ टाकायचं काम नुकतंच सुरू झालं व्हतं, पनवेलकडनं रूळ अजून जोडले न्हवते, मंग इंजान येनार कुठनं? मुंबैच्या गोदीत ओझी ओढून थकलेलं एक जुनं इंजान कंत्राटदारानं घेतलं. त्याची चाकं वेगळी, पोट वेगळं, धुराडं वेगळं असं सुटं करून पडावात घातलं नि भरतीच्या पान्यावर आमच्या खाडीत आनलं. भरती उतरली नि पडाव चिखलात बसला. दोन दिस बसून राहिला. आमी बायका बांधावर उभ्या राहून बघत व्हतो. माजी सासू बोलली,

"येवढं मोठं भांडं? कोनाच्या लग्नाचं?"

तिसऱ्या दिशी मोठी भरती आली तवा पडाव सुटला. मंग दोर लावून, ओंडके घालून, सगळ्या गावानं "हय्या हय्या" करून ते लोखंड काठावर ओढलं. मिस्त्री लोकांनी पंधरा दिसांत सगळं जोडलं. जोडल्यावर बघितलं तर बुटकं, ढेरपोट्या मानसासारखं. दोन्ही कुशींना पान्याच्या टाक्या, वर लांब धुराडं, नि रंग म्हनाल तर कुठला हाय ते सांगता येत न्हवतं.

त्याच्यासंगं त्याचा डायवर आला. कोकनातलाच मुसलमान, दाढी पांढरी, कंबर वाकलेली. आमी सगळ्या त्याला चाचा बोलायचो. इंजानाच्या अंगावर पितळंची एक पाटी व्हती, ती चाचा रोज लुंगीच्या फडक्यानं पुसायचा. त्यावरचे आकडे वाचून त्यानं सासूला सांगितलं की हे इंजान तुमच्या जन्माच्या आधीचं हाय.

सासू बोलली, "माज्याहून म्हातारी? मंग तिला कामाला कशाला लावता? बसवा की ओटीवर, द्या शेंगा सोलाया."

तवापासून त्या इंजानाचं नाव म्हातारी पडलं. चाचापन म्हातारीच बोलाया लागला.

आता माजं सांगते. देश सुटला तवा मी नऊ-धा वर्साची असेन. शाळेत दोन पावसाळे गेले, मंग धाकटी भावंडं माज्या काखेत आली नि शाळा सुटली. लग्न होऊन ह्या गावात आले. पयलं मूल तापात गेलं. दुसरी पोरगी जगली. घरवाला मिठागरात कामाला व्हता. इंजान आलं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मीठ ओढायच्या फळीचा खिळा त्याच्या पायात घुसला. मिठाच्या पान्यात उभं राहून करायचं काम, जखम भरनार कशी? पाय सुजून भोपळ्यायेवढा झाला. डाक्तर बोलला, वरीसभर मिठागराकडं फिरकायचं न्हाय, न्हायतर पाय कापावा लागंल. मंग घरवाला पडवीत पाय उशीवर ठेवून बसायचा नि येनाऱ्या-जानाऱ्याला सांगायचा, "मी साहेब झालोय. साहेबाचा पाय जमिनीला लागत न्हाय."

साहेब पडवीत बसला तवा घर चालवायचं मला आलं. आमी कन्या खात व्हतो, कन्या म्हंजे तांदळाचा चुरा. त्याच्यासंगं सुकट. तेवढ्यात कंत्राटदाराचा मुकादम गावात आला नि बोलला, "इंजिनाला पानी भराया चार बाया पायजेत." मी हंडा घेऊन सगळ्यात आधी जाऊन उभी राहिले.

पानी भरनं काय, जन्मभर भरलं. पन म्हातारी पानी किती प्यायची! धा बैलांना पुरंल येवढं एका खेपेला प्यायची नि अर्ध्या तासात परत तहानलेली. मुकादमानं बांधाच्या बाजूची विहीर दाखवली. ती जवळ व्हती. चार बायांनी आठ दिस तिथलं पानी भरलं नि म्हातारी आजारी पडली. चढाला लागली की धुराड्यातनं पांढरं पांढरं पानी थुंकायची, नळ्यांच्या तोंडातनं गळायची, डोंगराकडनं दगडाच्या वाघिनी, म्हंजे मालाचे डबे, घेऊन येताना मधीच दम सोडायची.

चाचा खाली उतरून डोक्याला हात लावून बसला. त्याला त्या जुन्या इंजानाची अडचन एकच न्हवती. तिचा एखादा भाग तुटला तर नवा कुठं मिळनार? जिथं ती बनली तो कारखाना बंद पडून जमाना झाला व्हता. रूळ नवे, वाघिनी नव्या नि मोठ्या, नि ओढनारी ही जुनाट. त्यात आमची खारी हवा. सकाळी रूळ दवानं ओले असले की तिची चाकं जागच्या जागी फिरायची. मंग रुळावर वाळू टाकाया लागायची, पन दर्याची वाळू मिठानं ओलसर, चिकटायची. ती आमी चुलीवर तव्यात भाजून डब्यात भरून द्यायचो. घरवाला पडवीत बसून वाळू भाजायचा नि बोलायचा, "बघ, बायकोनं मला शेंगदाने सोडून काय काय भाजायला लावलं."

नि तिच्या दांड्याजवळ जिथनं वाफ सुटायची तिथं भरायला दोरी लागायची, ती मुंबैहून येता येईना. आमच्या शेजारच्या कोळीवाड्यात होडीच्या फटी बुजवाया कापूस पिळून मुशी माशाच्या तेलात भिजवतात. चाचानं तेच केलं. वाफ थांबली, पन म्हातारी तापली की मासळीचा वास सुटायचा. गावातली मांजरं तिच्यामागं चालायची. खरंच चालायची.

तर त्या दिशी चाचा डोक्याला हात लावून बसलेला. मी हंडा खाली ठेवला नि बोलले,

"चाचा, तुमी तिला खारं पानी पाजता, ती थुंकनारच."

"खारं कुठं, बाय? मी चाखलंय. गोडं लागतंय."

"जिभेला गोडं लागतंय. डाळीला न्हाय."

"डाळीला?"

"त्या विहिरीच्या पान्यात तुरीची डाळ शिजत न्हाय, चाचा. दुपारपत्तुर चूल पेटवा, दाना तसाच. ह्या गावात सून नवी आली की तिला सासू पयलं हेच सांगते."

चाचा माज्याकडं बघत राहिला. मंग उठला. भट्टीत कोळसा टाकनाऱ्या कोळसेवाल्याचं फावडं धुतलं, त्यावर दोन डबे ठेवले. एका डब्यात बांधाच्या विहिरीचं पानी, दुसऱ्यात डोंगराच्या पायथ्याच्या देवळामागल्या विहिरीचं. दोन्हीत मूठ मूठ डाळ. नि फावडं सरळ म्हातारीच्या भट्टीच्या तोंडाशी धरलं. देवळाच्या पान्यातली डाळ फुटून पिठलं झाली. बांधाच्या पान्यातली डाळ गोट्यांसारखी डब्यात वाजत व्हती.

चाचानं डाळीचा दाना दातात धरला, कडकन वाजवला नि बोलला, "या खुदा. चाळीस वर्सं इंजान हाकतोय, नि मला हे आज कळलं."

"तुमच्या घरी डाळ कोन शिजवतं?"

"बेगम."

"मंग तुमाला कसं कळनार?"

त्या दिसापासून पानी देवळाच्या विहिरीचं. लांब पडायचं. पाय दुखायचे, मान आखडायची. पन म्हातारी थुंकायची थांबली. चाचानं मला तिच्या पान्याची मुख्य केलं. उन्हाळा चढला की विहिरीचं पानी बदलतं, म्हनून दर आठवड्याला मी डाळ शिजवून बघायचे. शिजलेली डाळ आमी चौघी नि चाचा, कोळसेवाला मिळून खायचो. कामावर डाळ मिळनाऱ्या गावात आमी चौघीच.

असं वरीस सरत आलं. घरवाल्याचा पाय भरत आला व्हता, पन अजून काठीशिवाय उभा राहत न्हवता. नि तवा कामावर खरा साहेब आला.

हा साहेब तरना, पांढरी टोपी, पायांत कातडी बूट, खिशात घड्याळ. सगळं काम त्याच्या नजरेखाली. त्यानं म्हातारीला एक चक्कर मारली, नाक मुरडलं नि बोलला,

"हिला मासळीचा वास का येतोय?"

चाचा बोलला, "साहेब, औषध हाय तिचं."

"चाचा, ही वस्तू आता संग्रहालयात ठेवायची. मी तेलावर चालणारं इंजिन मागवतोय. पाणी नको, कोळसा नको, राख नको. हिला तोडून भंगारात घालू."

माज्या डोक्यावर हंडा व्हता. पानी नको हे मी ऐकलं.

चाचानं हात जोडले. बोलला की नवं इंजान येईपत्तुर तरी तिला चालू द्या, ती ओढते, तिला पानी गोडं मिळालं की ती हटत न्हाय. साहेब मुळात वाईट मानूस न्हवता, त्याला फक्त घाई व्हती. तो बोलला,

"ठीक आहे. सोमवारी डोंगराकडून भरलेल्या बारा वाघिणी खाडीच्या पुलापर्यंत आण. मी पुलावर थांबतो. मध्ये एकदाही थांबली नाही, तर काम संपेपर्यंत ठेवू. थांबली तर मंगळवारी तोडायला माणसं बोलावतो."

तवापत्तुर म्हातारीनं आठच्या वर वाघिनी कवा ओढल्या न्हवत्या.

मी घरी येऊन सासूला सांगितलं. सासू चुलीपाशी बसली व्हती. तिनं लाकूड आत सारलं. मंग बोलली,

"तिची ओटी भरली का कोनी?"

"कोनाची?"

"म्हातारीची. लेक सासरी निघाली की ओटी भरतो. नवी होडी पान्यात ढकलताना नाळेवर, म्हंजे पुढच्या टोकावर, नारळ ठेवतो. ही परक्या गावात येऊन वरीसभर राबतेय, तिला कोनी हळदकुंकू तरी लावलं का? म्हनून ती दमते."

पडवीतनं घरवाला बोलला, "आये, ती सवाशीन हाय का आधी इचार. तिचा घो कोन?"

"रूळ," सासू बोलली. "त्याला सोडून ती कुठं जाते का? गप बस."

सासूनं उतरंडीच्या खालच्या मडक्यातनं तांदूळ काढले. आख्खे तांदूळ, सनासाठी जपून ठेवलेले. वरीसभर आमी कन्या खात व्हतो नि ते तांदूळ तसेच व्हते. मी बोलले, "आये, हे राहू दे." ती बोलली, "तुजं काम गेलं तर सन कसला?" ती स्वतः विधवा, तिचा हात ओटीला चालत न्हवता. ती बोलली, "भरायची तू. मी बाजूला उभी राहून सांगते."

सोमवारी सकाळी आमी दोघी नारळ, तांदूळ, सुपारी, खन घेऊन डोंगराखाली गेलो. चाचा दुसऱ्या बाजूला वाकून दांड्यांना तेल घालत व्हता. बाकीच्या तिघी शेवटचे हंडे ओतून विहिरीवर परतल्या व्हत्या. मी म्हातारीच्या कपाळाला, म्हंजे धुराड्याखाली, हळदकुंकू लावलं. खन तिच्या कडीला बांधला. पन ओटी भरायची तर पदर पायजे. तिचा पदर कुठला?

"पोटात भर," सासू बोलली.

"पोट तापलंय, आये. नि त्याला तोंड न्हाय."

"मंग तोंड कुठं हाय?"

तोंड एकच व्हतं. आमी रोज पानी ओतायचो ते, कुशीच्या टाकीचं. मी पायरीवर चढले, झाकन उघडून धरलं, नि पाच ओंजळी तांदूळ टाकीत सोडले. सुपारी सोडली. नारळ सोडला, तो डुबुक करून बुडाला नि वर आला. झाकन लावलं. पाया पडले. खाली उतरले तवा मला खरंच हलकं वाटलं. सासूनं दोन्ही हातांनी म्हातारीच्या लोखंडावरनं कडाकडा बोटं मोडली.

चाचाला कडीचा खन दिसला. तो हसला, बोलला, "वा, नवरी झाली." आत काय टाकलं ते त्यानं इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. सांगायचं काय त्यात? देवाचं काम सांगून करत न्हाईत.

पुलाच्या टोकाला गोडं पानी न्हवतं, म्हनून मी इंजानाच्या लगत पयल्या वाघिनीवर दगडांवर सहा भरलेले हंडे घेऊन बसायचे. त्या दिशीपन बसले. चाचानं शिट्टी मारली. भाजलेली वाळू रुळावर पडली. म्हातारीनं येकदा चाकं फिरवली, दोनदा फिरवली, नि बारा वाघिनी हलल्या. सासू रुळाच्या बाजूनं थोडी धावली. तिला धावताना मी तवा पयल्यांदा बघितलं.

अर्धी वाट बरी झाली. मिठागरं लागली, दोन्ही बाजूला पांढरे ढीग. आमच्या घरवाल्याच्या जुन्या सोबत्यांनी फळ्या वर करून आरोळ्या दिल्या. मंग चढ आला. म्हातारी मानसाच्या चालीनं चालू लागली. नि तवा चाचाचा आवाज आला. शिव्या देत व्हता. चाचा कवा शिव्या देत न्हवता.

मी हंडे सोडून वाघिनीवरनं पुढं वाकले. "काय झालं, चाचा?"

"पानी खेचेना! टाकीतलं पानी पोटात जाईना!"

म्हातारीची रचना अशी. पानी टाकीत ठेवायचं, दोन्ही टाक्या खालनं जोडलेल्या, तिथनं ते नळीनं खेचून तापलेल्या पोटात जायचं. नळीच्या तोंडाला, आमी पानी ओतायचो त्या टाकीच्या तळाशी, जाळी असायची. पोटात पानी किती हाय ते चाचाच्या समोर काचेच्या नळीत दिसायचं. ते पानी बोटभर राहिलं व्हतं. ते संपलं की पोट जळतं नि फाटतं. फाटू द्यायचं नसंल तर आग काढायची. आग काढली की थांबली.

"जाळीत काहीतरी अडकलंय," चाचा बोलला. "काय अडकनार? गोडं पानी, स्वच्छ पानी!"

तवा मला आठवलं. तांदूळ! टाकीचं पानी कोमट असतं, कोमट पान्यात तांदूळ फुगतो. पाच ओंजळी तांदूळ फुगून जाळीवर बसला व्हता. ओटी मीच भरली व्हती.

"चाचा, तांदूळ हाय."

"काय?"

"मी तिची ओटी भरली."

चाचा माज्याकडं बघत राहिला. त्याचं तोंड उघडं. मंग बोलला, "बाय, तू... तिची..." कोळसेवाला बोलला, "थांबवा, चाचा, इस्तव काढतो."

"थांबवू नका," मी बोलले. "मी आत उतरते."

टाकीच्या तोंडातनं कोळसेवाल्याचा एक खांदासुदीक गेला नसता. माजं अंग वरीसभर कन्या खाऊन काटकीसारखं झालं व्हतं. मी वाघिनीवरनं इंजानाच्या पायरीवर आले, कोळसेवाल्यानं दंड धरला, कासोटा घट्ट खोचला, झाकन उघडलं नि चालत्या म्हातारीच्या कुशीत पाय सोडले. पानी छातीपत्तुर लागलं. काळोख. लोखंडाचा वास. नारळ येऊन माज्या हनुवटीला आपटला. मी त्याला बाजूला केलं, तो परत आला.

श्वास धरून खाली बसले. हातानं चाचपलं तर जाळीवर तांदळाचा थर, मऊ, गिचका. ओरबाडला नि पदरात घेतला. वर आले, श्वास घेतला, परत खाली. असं किती वेळा केलं ते मोजलं न्हाय. वरनं चाचा ओरडत व्हता, "अर्धं बोट! बाय, अर्धं बोट राहिलं!" मी पदराचं दुसरं टोक जाळीभोवती फिरवून फिरवून पुसली. येकदम पायाशी पानी सुळकन ओढलं गेलं. माजा पदरच आत जायला लागला, तो मी हिसडून घेतला. नि वर चाचा रडल्यासारखा ओरडला,

"पितेय! म्हातारी पितेय!"

मी तिथंच आत उभी राहिले, तोंडाशी डोकं काढून. बाहेर यायचं तर चढ संपेपत्तुर कोनाचा हात मोकळा न्हवता. नि मला भीती, एखादा दाना परत जाळीवर बसला तर? मंग मी पायाच्या आंगठ्यानं जाळी पुसत राहिले. आख्ख्या उरणाकडच्या रुळांवर इंजानाच्या टाकीत उभं राहून प्रवास केलेली बाय मीच असनार. मिठागरं, खाडी, बगळे, सगळं मला टाकीच्या तोंडातनं दिसत व्हतं. खोटं कशाला सांगू, मजा वाटत व्हती.

म्हातारी न थांबता पुलापाशी आली. साहेब घड्याळ हातात धरून उभा व्हता. त्यानं आधी बारा वाघिनी मोजल्या. मंग टाकीतनं वर आलेलं माजं मुंडकं बघितलं. केसांत भाताची शितं.

"ही कोण? आत काय करतेय?"

चाचा बोलला, "पानी बघनारी हाय, साहेब. आतनं बघते."

खोटं चाललं असतं. पन साहेबानं माज्याकडं बघून इचारलं, "हे केसांत काय आहे?" नि मला खोटं सुचलं न्हाय.

"तांदूळ, साहेब. मी इंजानाची ओटी भरली व्हती. तो जाळीत अडकला. म्हनून काढाया आत उतरले. चूक माजी हाय. म्हातारीची न्हाय."

"कशाची ओटी?"

"ह्याची," मी बोलले, नि टाकीवर हात आपटला.

कोळसेवाला फावड्याकडं बघत उभा. तेवढ्यात टाकीतनं नारळ माज्या काखेजवळनं वर आला. साहेबानं तो बघितला नि असा हसाया लागला की टोपी पडली. हसून झाल्यावर डोळे पुसले नि बोलला,

"चाचा, थांबली नाही ना मध्ये?"

"न्हाय, साहेब. येकदाही न्हाय."

"मग राहू दे तिला. आणि या बाईंना सांगा, पुढच्या वेळी ओटी भरायची तर बाहेरून भरा. टाकीच्या तोंडाला फडकं बांधा."

मला बाहेर काढाया दोघं लागले. पदरातले तांदूळ मी सोडले न्हाईत. काळे झालेले, तेलाचा वास येनारे, पन तांदूळ. घरी नेले, सात पान्यांनी धुतले नि सासूनं त्याची पेज केली. नारळ फोडून त्यात घातला. घरवाला पेज पिऊन बोलला,

"कोळशाची चव हाय. पन आख्खा तांदूळ तो आख्खा तांदूळ."

सासू बोलली, "ओटी लागली तिला. बघ, बारा ओढल्या." मी तिला टाकीतलं सगळं सांगितलं, तरी ती हेच बोलत राहिली. मरेपत्तुर तिनं हेच सांगितलं, सुनेनं ओटी भरली म्हनून इंजान चढलं. मी वाद घातला न्हाय.

त्याच्यापुढं अजून दोन वर्सं म्हातारी चालली. टाकीच्या तोंडाला माज्या जुन्या लुगड्याचं फडकं. दर आठवड्याला डाळ. दुसऱ्या वर्साच्या मधीच घरवाला काठी टाकून चालू लागला नि त्याला रुळाच्या फाटकावर रखवालीचं काम मिळालं. पाय कोरडा राहील असं काम. त्यासाठीच मला ती दोन वर्सं पायजे व्हती. मिळाली.

मंग तेलावरचं इंजान आलं. ते रुळावरनंच आलं, तवा रूळ पनवेलला जोडले गेले व्हते. पिवळं, चकचकीत, बसल्या जागी घरघरनारं. मांजरं त्याला हुंगून परत गेली. चाचानं म्हातारीची आग शेवटची काढली, नि बोलला, आता टाक्या रिकाम्या करायच्या. कोळसेवाला तळाची चावी सोडाया वाकला, तशी मी ओरडले,

"थांब! चैताचा महिना हाय नि गोडं पानी मातीत सोडतोस?"

मंग आमी चौघी हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिलो. तीन वर्सं तिला पाजलं, त्यातलं शेवटचं तिनं परत दिलं. चाचा चावी सोडायचा, हंडा भरला की बंद करायचा. एक थेंब सांडू दिला न्हाय. शेवटच्या हंड्याला पानी बारीक झालं, मंग थेंबावर आलं, मंग थांबलं. चाचानं पाटी पुसली, जुन्या सवयीनं. बोलला, "चल, बाय." तो त्याच्या गावाला गेला. म्हातारीला बाजूच्या रुळावर ढकलून ठेवली, नि पुढं कवातरी कापून नेली. मी बघाया गेले न्हाय.

तो हंडा मी घरी आनला. पानी थोडं तांबूस व्हतं. फडक्यातनं गाळलं नि तुरीची डाळ लावली. पयल्या कढाला फुटली.

सासूनं भाताबरोबर खाल्ली. बोलली, "लोखंड लागतंय जिभेला."

मी बोलले, "मंग नको का?"

तिनं ताट पुढं केलं. "वाढ अजून."